निरपेक्ष शून्याची धास्ती

प्रयोगशाळेतली धूळ रोज झाडली जाते, किस्से मात्र कोणी झाडत नाही. ते साठतच राहतात. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो आणि जात्याच भित्रा आहे. त्यामुळे माझ्याकडचे बहुतेक किस्से घाबरण्याचेच!

यंदा एप्रिलमध्ये आमच्या विभागप्रमुख रेखा मॅडमनी ठरवलं, की पोरांना निरपेक्ष शून्य शिकवायचं. उणे दोनशे त्र्याहत्तर अंश, त्याच्याखाली तापमानच नाही. तिथवर आम्ही कुठले पोचतोय! पण द्रव नायट्रोजन आणून उणे एकशे शहाण्णव तरी दाखवू, म्हणाल्या.

* * *

नायट्रोजन मिळाला नरडाण्याच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे; ते त्यात कृत्रिम रेतनाचं वीर्य गोठवून ठेवतात. कॅन मागच्या सीटवर, मॅडम गाडी चालवतायत, एसी फुल्ल. मला दरदरून घाम!

"मॅडम, काचा उघडा."

"अहो, बाहेर त्रेचाळीस आहे!"

"कॅनमधून गॅस सारखा बाहेर पडतोय. बंद गाडीत हवा संपेल आणि वाससुद्धा येणार नाही!"

चारही काचा खाली आल्या. धुळ्यापर्यंत झळा खात आलो. मॅडम पुटपुटल्या, "जगातली सगळ्यात गार वस्तू घेऊन निघालो आणि भाजून पोचलो!"

* * *

आमचे लॅब अटेंडंट आबा मूळचे चोपड्याकडचे, केळीवाल्यांच्या घरातले. कॅनकडे बघून म्हणाले, "सर, आते सत्त्याहत्तरच अंश बाकी शे ना? संध्याकाळपर्यंत बठ्ठं उरकी टाकू!"

मी समजावलं, "आबा, गार करायचं म्हणजे आतली उष्णता बाहेर काढायची. दर खेपेला उरलेल्यातली थोडीच निघते, थोडी उरतेच. जितकं खाली जावं, तितकं काढणं अवघड. शिवाय बाहेरची उष्णता भिंतीतून, फटीतून, वायरीतून, उजेडातून सारखी आत शिरते."

आबांनी हळूच खिडकीचा पडदा ओढला. "उजेडमाईनबी?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

* * *

दुसऱ्या दिवशी तापमानाच्या मीटरवर आकडा आला, उणे तीनशे दहा! मॅडम पांढऱ्याफटक. "सर, आपण शून्याच्या खाली गेलो! लगेच बंद करा, कोणाला बोलू नका!"

मीही क्षणभर गारठलोच. मग पाहिलं, तर सेन्सरची वायर निसटलेली. मॅडम खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं.

* * *

आता त्याच आठवड्यातल्या शुक्रवारचं. सकाळी लॅबमध्ये शिरलो, तर आबा कॅनपाशी बसलेले, हात चिखलाने माखलेले. झाकणावर गोणपाट, त्यावर तारेचे वेढे आणि वरून मातीचा जाड लेप!

"हे काय केलंत?"

"तुम्हीच सांगं ना सर, उष्णता फटीमाईन शिरस. आम्ही केळी पिकाडाले खोली अशीच लिंपतस. पहाटपासून हवा जाऊ दिधी नही!"

ते झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. आतला नायट्रोजन उकळत राहतो, त्याचा गॅस बाहेर पडलाच पाहिजे. नाही पडला, तर कॅनचा बॉम्ब! हे मी आबांना कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती आणि जीव त्यांचा जाणार होता.

"आबा, पळा! फुटेल ते!"

आबांनी कॅनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून त्यांनी मला दोन्ही हातांनी दाराबाहेर लोटलं. "तुमना पोऱ्या धाकला शे. तुम्ही बाहेर थांबा."

दार लागलं. आत पक्कड वाजली, तार तुटली, आणि असा फूत्कार झाला की मी व्हरांड्यात खालीच बसलो. दाराखालून पांढरा धूर यायला लागला. मी ओरडलो, "आबा!" दार ढकललं, तर आत धुराशिवाय काहीच दिसेना. "आबा, खिडकी उघडा!"

खिडकी खडखडली. धुरातून खोकल्याचा आवाज आला आणि मागून आबांचा रडवेला सूर:

"सर, गारवा बठ्ठा निंघी गया ना! आते शून्यपर्यंत कसं जावानं?"