कपाटातली बाळंतीण

आक्काला कोणी ‘हे करू नको’ म्हणून सांगितलं, तर ती वाद घालत नसे. ‘बरं’ही म्हणत नसे. ती नुसती जागेवरून हलत नसे. समोरचा माणूस रागावून, समजावून, घड्याळाकडे पाहून थकायचा, आणि आक्का पदर कमरेला खोचून तिथंच उभी असायची. आदिलाबादच्या आमच्या सरकारी ऑफिसात ती अटेंडर होती. तिथं साहेब पुष्कळ आले आणि गेले. आक्काला हलवणं कुणालाच जमलं नाही.

मी नवीन नोकरीला लागले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात दफ्तरखान्यात, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीत, बसवलं. कोपऱ्यात वेताची एक खुर्ची उलटी ठेवलेली होती. ती सरळ करायला मी हात लावला, तर आतून कोणीतरी फिसकारलं.

“हात नका लावू मॅडम. आत्ताच डोळा लागला बाईचा,” आक्का म्हणाली.

खुर्चीच्या चार पायांभोवती जुन्या पडद्याचं कापड ताणून तिनं तंबू केला होता, आणि आत एक करडी मांजर पसरली होती. मला लहानपणापासून मांजरांची भीती. त्या दिवशी मी सगळं काम उभ्यानंच केलं.

मांजर तिथं का आली, ते मला मागाहून कळलं. तामसीकडचा एक म्हातारा बांधाच्या भांडणासाठी जुन्या कागदाची नक्कल मागायला आला होता. आक्कानं गठ्ठा सोडला, तर नेमकं तेच पान उंदरांनी कुरतडलेलं. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं लिहून म्हाताऱ्याला वाटेला लावलं गेलं. तो दिवसभर पायरीवर बसून राहिला आणि शेवटच्या बसनं गेला. आक्का सांगायची, “त्यायनं मले काई बोललं नाई, पोरी. शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.” दुसऱ्या दिवशी ती पिशवीतून करडी मांजर घेऊन आली.

मांजर आणणं सोपं, ठेवणं अवघड. मागच्या व्हरांड्यात मोडकं फर्निचर रचून ठेवलेलं होतं, त्यातूनच आक्कानं तिची सोय केली. आक्काचा नवरा सुतार होता. तो गेल्यावर त्याची हत्यारं तिनं विकली नाहीत, वापरायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत ती करवत चालवायची. एका दार निखळलेल्या सागवानी कपाटाच्या फळ्यांना तिनं एकाआड एक गोल भोकं पाडली, म्हणजे मांजराला खालून वर चढता यावं. खालच्या खणाला पुढून आडवी पट्टी ठोकली, पिल्लं बाहेर गडगडू नयेत म्हणून. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डात गाड्यांमधून सांडलेला कापूस वेचून आणून, पोत्याच्या तुकड्यांत भरून तिनं गाद्या शिवल्या. सगळ्या कडांवरून आधी आपला गाल फिरवायची, मग कपाट मांजराच्या हवाली. “आपल्याले टोचलं तर तिले बी टोचन,” ती म्हणायची. मोडक्या वस्तूकडे पाहून कोणी नाक मुरडलं की तिचं ठरलेलं वाक्य होतं, “मोडलं म्हंजे मेलं नाई.”

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. किनाऱ्याकडच्या जिल्ह्यातून आलेला, तेलुगू बोलणारा, टापटिपीचा. व्हरांडा पाहून त्यांनी दोन हुकूम दिले: सगळ्या मोडक्या सामानाचा हर्रास करा, आणि मांजर पैनगंगेपलीकडे सोडून या. हर्रासाचा दिवस ठरला. त्याच्या चार दिवस आधी करडी मांजर कपाटाच्या खालच्या खणात व्याली. पिल्लं चार.

आक्का साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तिला तेलुगू चांगली यायची. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत थांबा, एवढंच तिनं मागितलं.

“कुदरदम्मा,” साहेब म्हणाले. जमणार नाही. नोटीस लागली आहे, सामान न्यायला लोक येणार आहेत. आक्का हलली नाही. शेवटी साहेबच उठून बैठकीला गेले.

हर्रासाच्या दिवशी आक्का रजा टाकून आली. विहारात जाताना नेसायची ती पांढरी साडी तिनं नेसली होती. बोली लावायला ती पुढे झाली, तेव्हा हेडक्लार्कनं तिला थांबवलं. ऑफिसच्या माणसाला बोली लावता येत नाही, तसा नियम आहे. आम्ही सगळे खाली पाहत होतो. सगळं सामान एका जुन्या फर्निचरवाल्यानं घेतलं. आक्का सरळ त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “भाई, वो अलमारी आडवी नक्को करना. अंदर बाळंतीण है.”

त्यानं आत वाकून पाहिलं आणि तो हसला. “ले जाता अम्मा, खड़ीच ले जाता. मगर कल तो फोड़ना है. मेरेकू लकड़ी होना.”

ठेल्यावर कपाट उभं बांधलं. आक्का एका हातानं खणापुढे पोतं धरून बाजूनं चालू लागली. मीही अर्ध्या दिवसाची रजा लिहून तिच्या मागे निघाले. का, ते माझं मलाच माहीत नव्हतं. फाटकाबाहेर खड्ड्यात ठेला आदळला आणि करडी मांजर पोत्याखालून उडी मारून पळाली.

“थांबवा,” आक्का म्हणाली. ठेला भर रस्त्यात थांबला. मागे कापसाच्या गाड्या अडकल्या, भोंगे वाजू लागले. एक ड्रायव्हर उतरून ओरडला. “माय आल्याबिगर ठेला हलणार नाई,” तिनं त्याला शांतपणे सांगितलं आणि माझ्याकडे वळली. “पोरी, मी खण सोडू शकत नाई. तू जा. ती तुले वळखते.”

ओळखत होती ती, पण मी तिला कधी बोट लावलेलं नव्हतं. दफ्तरखान्याच्या खिडकीखाली ती अंग चोरून बसली होती. मी डोळे मिटले आणि तिला उचललं. तिनं माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन ओरखडे काढले. मी सोडलं नाही. रडत होते, पण सोडलं नाही. ठेल्यापाशी पोचले तेव्हा हाताचं रक्त साडीला लागलं होतं. आक्कानं मांजर खणात सोडली, पोतं लावलं, मग माझा हात पाहिला. “जमलं का नाई?” एवढंच बोलली. ठेला हलला.

दुसऱ्या दिवशी कपाट फोडायला माणूस आला, तर आक्का दुकानात कपाटापुढे बसलेली. तीन पायांची एक खुर्ची तिनं मांडीशी घेतली होती आणि चौथा पाय बसवत होती. दुकानदार बघत राहिला. संध्याकाळपर्यंत तिनं दोन खुर्च्या आणि एक स्टूल उभं केलं.

“अम्मा, ये किसने सिखाया?”

“मरदानं. अब अलमारी का बोलो.”

कपाट तिचं झालं. बदल्यात महिनाभर ऑफिस सुटल्यावर ती त्याच्या दुकानात खुर्च्या दुरुस्त करत होती. पिल्लांचे डोळे तिथंच उघडले.

पावसाळा सरला आणि साहेबांच्या टेबलावर कुरतडलेली फाईल आली. त्यांनी आक्काला बोलावलं. त्या मांजरीची पिल्लं आहेत का, असं विचारताना ते खिडकीबाहेर पाहत होते. आक्कानं उपकार दाखवला नाही. “हायेत. पण त्यायले जागा पायजे,” ती म्हणाली. दोन तरणी मांजरं दफ्तरखान्यात आली, आणि त्यांच्यासाठी साहेबांनी स्वतःच्या खोलीतलं ड्रॉवर अडकणारं टेबल दिलं.

आक्का रिटायर झाली, तशी पूर्ण वेळ त्या दुकानात जाऊ लागली. माझी बदली झाली. काही वर्षांनी कळलं की तिचा उजवा हात आणि पाय लुळे पडलेत. मी जैनथच्या वाटेवरच्या तिच्या घरी गेले. ती ओसरीवर बसून डाव्या हातानं जुन्या टीव्हीची सरकत्या दारांची लाकडी पेटी घासत होती. आतली काच काढून मांजरासाठी जागा केलेली. प्रत्येक घासण्यासरशी पेटी लांब सरकत होती.

“द्या आक्का, मी घासते.”

“तू धर. घासते मीच.”

मी दोन्ही हातांनी पेटी धरून बसले. काचकागद पुन्हा पुन्हा तिच्या बोटांतून निसटायचा, ती पुन्हा उचलायची. दुपार कलली तेव्हा एक बाजू झाली. तिनं वाकून तिच्यावरून गाल फिरवला आणि मला म्हणाली, “दुसरी पुढच्या खेपेले.”

पुढची खेप झाली नाही. आक्का गेल्याचं कळून मी पोचले तेव्हा अंगणात वंदना संपत आली होती. आक्काच्या सुनेनं टीव्हीची पेटी माझ्यापुढे आणून ठेवली. बसच्या टपावर टाकून मी पेटी घरी आणली.

दुसरी बाजू मी घासली. मला तीन रविवार लागले. आमच्या घरात तोवर मांजर नव्हतं. चौथ्या रविवारी सकाळी मी पिशवी घेतली आणि मांजर शोधायला निघाले.