रोडग्यांवर एक बादली पाणी

काय सांगू, त्या दिवशी मी हवा वाचवायला निघाले आणि चाळीस माणसांचं जेवण बुडवलं!

परदेशात हवेतल्या कणांवर शिकून मी नुकतीच अकोटजवळच्या आमच्या गावी परतले होते. ध्यास एकच. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवून देतात. ते यंदा थांबवायचं! "तुम्ही फक्त माणसं जमवा," मी काकांना म्हटलं. माणसं कशी जमतात, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

आमच्याच वावरात सभा भरली. कण मोजणारं यंत्र मी उंच धरलं. "धुरातले कण केसाहून बारीक! थेट छातीत जातात! काजळी ऊन शोषते, हवा आणखी तापते!"

म्हातारे नामदेवआबा उठले. "खरं हाये पोरी. मले बी लय खोकला येते. यंदा नाही जाळत, मातीतच घालतो."

मग एकेक हात वर. चाळीस हात! मला तर रडूच आलं.

एवढ्यात यंत्र लाल झालं. विहिरीमागे धूर!

"बघा! वचन देऊन होत नाही तोच पेटवली!" मी तरातरा निघाले.

"अवं, तिकडं काहून चालली? थांब नं!" मागून काका.

थांबेन ती मी कसली? भरलेली बादली उचलली आणि ओतली. फस्स! सगळी राख माझ्या तोंडावर.

समोर काकू. कपाळाला हात. "अवं माय! रोडगे होते नं ते!"

रोडगे! गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. आपल्याकडे वावरात माणसं बोलावली की रोडगे आणि वांग्याची भाजी आलीच. हे मी कशी विसरले?

"आमची पऱ्हाटी त् वावरात उभीच हाये, ताई," एकजण म्हणाला. "अजून वेचणी बाकी हाये."

वर गेलेले हात आता पोटावर होते. आबा म्हणाले, "आधी जेवू. मंग वचनाचं पाहू."

म्हणजे सगळं मुसळ केरात! काकूंनी पुन्हा कणीक मळली, पण ओल्या गवऱ्या पेटतात होय? कोरडं असं एकच होतं. बांधावर सरपणाला ठेवलेला, गेल्या सालच्या पऱ्हाटीचा ढीग. काकूंनी काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

मी फुंकत राहिले, खोकत राहिले. यंत्र लाल झालं, जांभळं झालं, शेवटी बंदच पडलं.

रोडगे मात्र झकास झाले, आणि वचनही टिकलं! त्या वर्षी गावात कोणीही पऱ्हाटी जाळली नाही.

"एक पोरगी सोडून," असं आबा अजूनही पाहुण्यांना सांगतात. आणि बोट दाखवतात.