खोडाळ्याचा समुद्र

नीलाताईंनी इतक्या वर्षांत फोटो काढले मोजकेच, किस्से मात्र ढीगभर जमले. एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या मागे उभाच!

ताई मुंबईच्या. आमच्या खोडाळ्यात, भाताच्या बंद पडलेल्या गिरणीत, देखावे उभारून फोटो काढायच्या. रोलचा जमाना. महिनाभर खपायचं आणि फोटो एक! देखावे बांधायचे सोमाकाका, बोहाड्याचे, म्हणजे आमच्याकडच्या देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे करणारे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून रंगकाम माझ्या गळ्यात.

पहिला फोटो झाल्यावर काका म्हणाले, "एवढ्या मेहनतीत लगीन उरकलं असतं."

*

एकदा ताईंना भलामोठा चंद्र हवा होता. काकांनी बांबूच्या कामट्या आणि कागदाचा लगदा घेऊन झकास चंद्र केला. त्याला दोन भोकं!

"काका, भोकं कशाला?"

"आतल्या माणसानं बघायचं कठून?"

*

शूटिंगच्या दिवशी ताईंनी लाइट लावले. चंद्र काही येईना. बाहेर काका नारळाची वाट बघत बसलेले. बोहाड्यात मुखवटा पूजेशिवाय आणि वाजंत्र्याशिवाय निघत नाही, मग चंद्र कसा निघणार? शेवटी संबळवाला आला आणि चंद्र नाचत नाचत गिरणीत शिरला. ताईंनी नमस्कार केला आणि फोकस लावला.

*

मग ताईंनी समुद्राचा देखावा करायला घेतला. काका तरुणपणी वसईला रेतीच्या बोटीवर होते, त्यामुळे समुद्रात त्यांचाच शब्द चालायचा. बायकोला, जाईकाकूंना, समुद्र दाखवायचं त्यांनी लग्नातच कबूल केलं होतं. पण जीप घाटात वळली की काकूंना उलट्या! दर वेळी दोघं पहिल्या वळणावरून परत. आता काकूंचे गुडघेही गेले होते. मला फार वाईट वाटायचं.

निळं प्लास्टिक, खाली पेंढा, वर कापसाचा फेस. काकांनी लाटा पुन्हा पुन्हा मोडल्या. "लाट अशी नाय येत!" अखेर एकदाची जमली. ताईंचं बोट बटणावर, तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"ह्योच का?"

"ह्योच," काका म्हणाले.

काकूंनी चपला काढल्या, लुगडं वर धरलं आणि जपून आत शिरल्या. महिनाभराच्या लाटा त्यांच्या पायाखाली चुरचुरत बसल्या. ताईंनी बटणावरचं बोट काढून घेतलं.

मधोमध पोचल्यावर काकू काकांकडे वळल्या.

"तू काय तठंच उभा? ये ना. पानी गार नाय."