चार डिस्कांवरचं कुंकू

त्या वर्षी दसऱ्यानंतर पंधरा दिवस मी देवीपुढे दिवा लावत होते, पण तिच्याशी बोलत नव्हते. आमच्या घरात अबोला धरायची सवय माझीच. यांच्याशी धरते, भावाशी धरते, एकदा दूधवाल्याशीही महिनाभर धरला होता. देवीशी मात्र हा पहिलाच. तिची पूजा करतानाच माझ्या हातून मोठं नुकसान झालं होतं आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मनात सारखं यायचं, मनोभावे केलं त्याचं हे फळ असेल तर करायचं तरी कशाला?

आधी थोडं मागचं सांगायला हवं. मी यवतमाळला सरकारी कचेरीत टंकलेखक होते आणि हे शाळेत विज्ञान शिकवायचे. दोघंही निवृत्त झाल्यावर गावातल्या अंध मुलींच्या वसतिगृहासाठी आम्ही दहावीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागलो. मराठी, इतिहास, भूगोल माझ्याकडे, गणित आणि विज्ञान यांच्याकडे. माझं वाचन म्हणजे नुसतं वाचन. हे मात्र शिकवायचे. आकृती न दिसणाऱ्या मुलीला भिंग कसं सांगावं, याचा विचार करत दोन दिवस स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते, मला भाजी चिरू देईनात. मग त्यांना सापडलं. बहिर्गोल भिंग म्हणजे अख्खा मसूर, चिमटीत धरून बघायचा. अंतर्गोल भिंग म्हणजे कणकेची लाटी, दोन्हीकडून अंगठ्यांनी दाबलेली. त्या आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीची बरीच कणीक विज्ञानात गेली.

दोन वर्षांत सगळे धडे झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात नागपूरला यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून हे पाटीवर लिहून बोलतात. आधी तोंडानं टोमणे मारायचे, आता लिहून मारतात, एवढाच फरक, असं मी लोकांना हसून सांगते. पण दुपारच्या वेळी घरात माझा एकटीचाच आवाज असतो, तेव्हा मला फार चुकल्यासारखं होतं.

ते धडे एका पेटीत होते. यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेली काळी पेटी, आत चार हार्ड डिस्क ओळीनं उभ्या, आणि घरातले दोन्ही कॉम्प्युटर तिला जोडलेले. मुली आपापलं छोटं यंत्र घेऊन यायच्या, त्यात दोन-तीन धडे मावायचे. ते ऐकून झाले की पुसून आम्ही पुढचे भरून द्यायचो. पेटीत चार डिस्क आहेत म्हणजे चार ठिकाणी जपून ठेवल्यासारखंच, अशी आमची समजूत. म्हणून दुसरी प्रत कधी केलीच नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं-अवजारं पुसून पुजायची, ही माझ्या माहेरची रीत. विळी, अडकित्ता, कात्री, यांचा जुना सूक्ष्मदर्शक, सगळं पाटावर मांडलं. पेटीकडे नजर गेली. हिच्याइतकं कामाला दुसरं कोण येतं घरात? मी ती बंद केली, डावीकडून एकेक डिस्क बाहेर काढली, मऊ फडक्यानं पुसली, पाटावर ओळीनं ठेवली, ओलं कुंकू लावलं, झेंडू वाहिला. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्याशी बोलता बोलता मी डिस्क उचलल्या आणि हाताला येईल तशा परत बसवल्या. भाजीच्या टोपल्या कोणत्याही फळीवर ठेवल्या म्हणून भाजी बदलते का, असाच माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी पेटी सुरू केली तर लाल दिवा आणि पीं पीं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं. आयुष्यभर इंग्रजी टंकलेखन केल्याचा मला ताठा. सुरुवात करू का, असं विचारतेय म्हणून मी हो म्हटलं. ती विचारत होती, जुनं सोडून नव्यानं मांडू का. क्षणात सगळे धडे दिसेनासे झाले. यांनी पाटीवर लिहिलं, "काय झालं?" मी म्हटलं, "लाइन गेली-आली ना, त्यानं बिघडली." भारनियमनाचे दिवस, कोणालाही पटावं असं खोटं होतं ते.

मला पहिली आठवली ती रेणू. रेणू मारेगावकडची, जन्मापासून दृष्टी नाही, त्या वर्षी दहावीला. कापसाची ती वाईट वर्षं. लागोपाठ दोन हंगाम बोंडं धड फुटली नव्हती, आणि यंदा जे फुटलं होतं ते वेळेत वेचायला घरच्यांचेच हात हवे होते. रेणूचा हात बोंडावर अचूक बसतो, डोळसापेक्षा स्वच्छ वेचते, असं तिचा बाप कौतुकानं सांगायचा. त्या कौतुकाचीच मला भीती वाटे. सहामाहीत ती विज्ञानात नापास झाली होती आणि दिवाळीच्या सुट्टीत बाप तिला न्यायला येणार होता. ती मला म्हणाली होती, "काकू, यावक्ती सारं विज्ञान भरून द्या. घरी अभ्यास करतानी दिसली तं बाबा वापस आनून सोडतीन. नाही तं म्हनतीन, नापासच व्हाचं हाय तं वेचनीलेच राह्य." आणि विज्ञान तर यांच्या आवाजात होतं. ते दुसऱ्यांदा कोण वाचणार होतं?

गावातल्या दुकानदारानं पेटी उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, बाहेर पाठवावी लागेल, दोन-तीन महिने धरा. वणीला माझा भाऊ राहतो, त्याचा मुलगा हैदराबादेहून सुट्टीला येणार होता. त्याच्याबरोबर पाठवू, असं ठरवलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मला वाटलं, डिस्कवरचं कुंकू बघून लोक काय म्हणतील? पुसून टाकावं. एक डिस्क काढून फडकं हातात घेतलं, पण हात धजेना. आपण होऊन लावलेलं कुंकू, आणि ज्याच्या नावानं लावायचं तो माणूस मोठ्या दुखण्यातून उठलेला. मी ती तशीच तिच्या जागी सरकवली.

सकाळची गाडी चुकली. यांनी दारात पाटीवर सूचनांची यादी लिहायला घेतली, पाटी दोनदा पुसावी लागली. दुसऱ्या एस.टी.त मी पेटी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला वर ठेवा, मी ऐकलं नाही. शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ, पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत काळं बसलेलं. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "बाई, मूर्ती हाय का?"

"नाही हो. धडे आहेत."

मग मी सांगत गेले. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. त्यांचं नाव हनीफभाई. वणीजवळच्या कोळसा खाणींवर ट्रक तोलायचे मोठे काटे असतात, त्यांचे कॉम्प्युटर ते दुरुस्त करत. म्हणाले, "कोयशाच्या धुळीनं आमच्याकडं डिस्क मरतच राह्यते. मेलेलीच्या पोटातून माल काढाची आता सवय झाली मले. हैदराबादले कायले धाडता? आंधी मले पाहू द्या." ती सकाळची गाडी मिळाली असती तर मी त्यांच्या शेजारी बसले नसते. यावर मी काही म्हणत नाही. झालं ते असं झालं.

तो मंगळवार होता आणि रेणूचा बाप रविवारी येणार होता. भावाच्या घरून मी रोज हनीफभाईंच्या वणीतल्या दुकानात जाऊन बसू लागले. एका लाकडी स्टुलावर त्यांनी माझ्यासाठी गादीही टाकली. पेटी उघडल्यावर त्यांना कुंकू दिसलंच. त्यांनी अदबीनं विचारलं, "या कदी भाएर काढल्या होत्या का?" मी म्हटलं, "नवी आणली तेव्हा पूजा केली होती." दुसरं खोटं. त्यांनी मान डोलावली. एक डिस्क पार गेली होती. "फिकर नाही," ते म्हणाले, "तीन चांगल्या असल्या तं चौथीचं त्याच सांगतात." बुधवारी त्यांनी त्या तिघींच्या प्रती काढल्या, म्हणजे मूळ डिस्कला पुन्हा हात लावायला नको. गुरुवारी पेटीतल्या क्रमानं त्या लावून धडा वाजवला, तर नुसती खरखर, तेलात मोहरी तडतडावी तशी.

हनीफभाईंनी चहा मागवला आणि मला समजावलं. "बाई, पुस्तक तसंच हाय. पन पेटीनं पानाचे नंबर पुसले. एक वाक्य या डिस्कवर, दुसरं तिच्यावर, असं लिवलेलं राह्यते. कोन पयली, कोन दुसरी, हे कयल्याबिगर वाचता येत नाही. चार डिस्कचे चोवीस क्रम होते. एक लावून पाहाले पुरा दिवस जाते, तोही लाइन राह्यली तं." चोवीस दिवस, आणि माझ्याकडे दोन.

मी त्यांच्या दुकानातल्या भिंतीकडे बघत बसले. आता कोणाला काय मागणार? देवीशी अबोला, घरी खोटं, समोर बसलेल्या भल्या माणसाशी खोटं. तेव्हा मला जे वाटलं ते सरळ सांगते. मी हरले, असं वाटलं, आणि हरल्यावर लपवायलाही काही उरत नाही. मी म्हटलं, "हनीफभाई, मी खोटं बोलले. खंडेनवमीला मीच डिस्क काढल्या, आणि वाटेल तशा परत घातल्या. हे कुंकू त्या दिवसाचं आहे." सांगताना मला रडू आलं, साठी ओलांडलेल्या बाईला शोभणार नाही असं.

ते रागावले नाहीत. त्यांनी चारही डिस्क उचलल्या आणि दाराशी उजेडात एका फळीवर मांडल्या. मग विचारलं, "काढल्या कशा होत्या?"

"डावीकडून. एकेक."

"अन् कुंकू त्याच लायनीत लावलं?"

"हो. आमच्याकडे बोट एकदाच बुडवतात. ओळ संपेपर्यंत पुन्हा बुडवायचं नाही, आई रागवायची."

बोलता बोलता मला दिसलं, आणि त्यांनाही. एका डिस्कवर ठसठशीत लाल टिळा. दुसरीवर त्याहून कमी. तिसरीवर कडेकडेला रंग, मधे रिकामं. चौथीवर फक्त बोटाची खूण, जेमतेम गुलाबी. चारही कुंकवं ओळीनं फिकी होत गेली होती. मी त्या संध्याकाळी ती पुसली असती तर? हनीफभाईंनी डिस्क त्या क्रमानं सरकवल्या आणि हलकेच म्हणाले, "या अल्ला. नंबर तं तुमीच टाकून ठेवले होते बाई."

शुक्रवारी दुपारी स्पीकरमधून यांचा आवाज आला. घसा खाकरून, पूर्वीसारखा. "मसूर हातात घेतला का? आता त्याच्या कडेवरून बोट फिरव." मागून माझा आवाज, कपाळाला आठी घातलेला कळावा असा, "अहो, चहा निवतोय." आणि हे म्हणतात, "निवू दे. प्रकाशाला घाई असते, चहाला नसते." दीड वर्षानं मी तो आवाज ऐकला, घरी ते धडे लावून ऐकायचं मी टाळत आले होते. पदर तोंडाला लावून बसून राहिले. हनीफभाई उगीचच बाहेर जाऊन उभे राहिले.

मी घरी फोन लावला. हे फोन उचलतात आणि नखानं टिचकी मारतात, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मी फोन स्पीकरपाशी धरला. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकवला. मग म्हटलं, "लाइननं नाही बिघडली. खंडेनवमीला मीच डिस्क काढल्या होत्या." मग एक टिचकी आली. मला वाटलं, क्षमा केली. शनिवारी घरी पोचल्यावर यांनी पाटीवर लिहिलं, "माहीत होतं. पेटीखाली झेंडूची पाकळी सापडली. तू सांगशील म्हणून थांबलो."

त्या संध्याकाळी मी देवीपुढे बसले आणि अबोला सोडला. मागितलं काहीच नाही. तू माझ्या हातानं मोडलंस असं मी पंधरा दिवस म्हणत होते, आणि त्याच हातानं तू वाट लिहून ठेवली होतीस, एवढंच म्हटलं. शरण जाणं म्हणजे डोकं टेकणं, असं मला वाटायचं, आणि डोकं तर मी रोजच टेकत होते. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

रेणूला रविवारी आम्ही विज्ञान भरून दिलं. त्यासाठी हनीफभाईंनी जास्त जागेचं यंत्र दिलं होतं, काट्यावरच्या कुठल्या जुन्या सामानातून जुळवलेलं. दिवाळीनंतर तिचा बाप तिला स्वतः सोडायला आला. यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरीनं ते कमरेले बांधलं अन् वेचता वेचता ऐकलं. दहा दिवस आमच्या वावरात तुमीच बोलून राह्यले होते. आता मलेबी भिंग समजते."

पुढच्या वर्षी खंडेनवमीला पेटी पाटावर आली. तोवर सगळ्या धड्यांच्या दोन प्रती झाल्या होत्या, एक वसतिगृहात, एक वणीला हनीफभाईंच्या कपाटात. डिस्कवर यांनी पक्क्या शाईनं एक ते चार आकडेही घातले होते. आयुष्यात देवापुढे हात न जोडलेला हा माणूस माझ्या शेजारी मांडी घालून बसला. मी कुंकवाची वाटी पुढे ओढली, तेवढ्यात त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. तिच्यावर लिहिलं होतं, "बोट एकदाच बुडव."