न पळणारा नवरा

सिल्मे ही माझी धाकटी बहीण. आमच्या गारो डोंगरांत तिच्यासारखी आमची भाषा शिकवणारी दुसरी दाखवा, मिशी उतरवून देतो!

दूर समुद्रापलीकडच्या सेबू बेटावरचा क्रिसांतो आमची भाषा शिकायला आला, तो तिच्याकडेच. आमच्यात माणसं मोजायचा शब्द वेगळा, जनावरांचा वेगळा, पानांचा वेगळा. त्याच्याकडे एकच शब्द सगळ्यांना पुरतो. त्यानं पहिल्याच दिवशी आमची डुकरं माणसांसारखी मोजली.

"का रे, मेहुणे लागतात वाटतं तुझे?" सिल्मे म्हणाली.

"काम झालंय का व्हायचंय, हे तुमच्यात शब्दाच्या शेवटी कळतं," तो कुरकुरला. "आमच्यात शब्दाच्या तोंडालाच कळतं."

"मग जरा दम धरायला शीक!"

पावसाळा सरेपर्यंत गडी आमच्यासारखा बोलायला लागला. शिकवलं कुणी? आणि एक दिवस ती हळूच म्हणाली, "आदा, मला तोच हवाय."

आदा म्हणजे थोरला भाऊ. तो असतो कशाला? मी गावातली पोरं पाठवली. त्यांनी त्याला ओढ्यावर अंघोळ करताना धरला आणि तसाच ओला उचलून घरात आणला. आमच्यात नवरा असाच आणतात. मग त्यानं पळायचं, पोरांनी परत धरून आणायचं. मनातच नसेल तर तो पळतच राहतो, मग सोडून देतात.

हा पळेचना! दार सताड उघडं, आणि हा सुक्या मासळीचं कालवण पुन्हा मागून घेतोय. शेजारणींचे हात तोंडावरच राहिले. रस्त्यावर दबा धरलेली पोरं आत येऊन आ वासून बघायला लागली.

"लाज कशी ती नाही!" आई कडाडली. "एकदा तरी पळावं की नाही माणसानं?"

सिल्मेला वेगळीच काळजी. याला रीत ठाऊक नाही. पळाला आणि खरंच गेला तर? पण 'थांब' म्हणणं मुलीचं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चटई रिकामी. आई खूश, "पळाला हो पळाला!" पण सिल्मेनं पाहिलं, पिशवीही नव्हती. रीतीनं पळणारा पिशवी नेत नाही. मी पोरांना हाका मारत सडकेकडे निघालो.

मुलीनं नवऱ्यामागे धावायचं नसतं. ती आम्हा सगळ्यांच्या पुढे धावली. अख्खं गाव बघत राहिलं.

खाली सडकेवर बस नुकतीच गेली होती. धूळ बसली तर दगडावर क्रिसांतो, मांडीवर पिशवी.

"एवढा उशीर?" तो तिच्यावरच खेकसला. "कंडक्टर हात धरून आत ओढत होता मला!"

"मग पिशवी कशाला आणलीस, मेल्या?"

"आई म्हणाल्या ना, पळ म्हणून? मग नीट पळायला नको?"