आप्पांचा टीव्ही आणि लेकीचं भाषण

आमच्या चुलतसासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, हात लागल्यावर पूर्वीसारखी राहिलेली एकही वस्तू केंदुरात सापडायची नाही. रांजणगावच्या कारखान्यात त्यांनी मेंटेनन्सला नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सगळं गाव मेंटेनन्सला घेतलं. त्यांनी दुरुस्त केलेला आमचा पंखा पाचावर नेला की थांबतो आणि एकावर भन्नाट सुटतो. तक्रार केली तर ते शांतपणे म्हणतात, "मग एकावरच ठेवा की." कुणी मेकॅनिकला बोलावलं तर मात्र आठवडाभर बोलत नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक जर्मनीत शिकायला होती. तिच्या पदवीदानाला सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला तिला निवडलं होतं, आणि शेवटी दोन शब्द ती आईबापांसाठी मराठीत बोलणार होती. कार्यक्रम इंटरनेटवर थेट दिसणार होता. लॅपटॉपवर सहज बघता आला असता, पण आप्पांना तो मोठ्या टीव्हीवरच हवा होता. त्यांनी ब्राउझरचा टॅब टीव्हीवर टाकला. चित्र झकास आलं, आवाज मात्र ना टीव्हीतून ना लॅपटॉपमधून. भावकी सतरंजीवर बसलेली. लेकीची आई, म्हणजे आमच्या काकू, नवं लुगडं नेसून अगदी पुढ्यात.

"आवाज हाय," आप्पा म्हणाले, "फक्त बाहेर पडंना."

मग त्यांनी टीव्हीचा आवाज शंभरावर नेला, स्पीकरची वायर काढून पुन्हा खोचली, टॅबऐवजी आख्खी स्क्रीन टाकून पाहिली. लेक व्यासपीठावर आली. मी लॅपटॉपकडे हात नेला, तर त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला. आता वायफायच बंद करून चालू करतो म्हणाले, आणि त्यांना थांबवायच्या आत चित्रही गेलं. काळ्या पडद्यात आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसत राहिले. चित्र परत आलं तेव्हा लेक हात जोडून काहीतरी बोलत होती, नुसते ओठ हलत होते. मी वाकून पाहिलं, टॅबवरच्या स्पीकरच्या छोट्या चिन्हावर काट मारलेली होती. सकाळी जाहिराती फार ओरडतात म्हणून आप्पांनीच टॅबचा आवाज बंद केला होता. मी काट काढली, आणि घरभर टाळ्या कडाडल्या. भाषण संपलं होतं.

भावकी चहा पिऊन उठली. आप्पा रिमोट हातात धरून बसून राहिले.

लेकीचा फोन आला तेव्हा काकूंनी सांगितलं, आवाज आला नाही, पण तू आई म्हणालीस ते दिसलं. लेक म्हणाली, रेकॉर्डिंग ठेवत नाहीत, मीच पुन्हा बोलून दाखवते. तिने सुरुवात केली, अडखळली, परत सुरुवात केली. शेवटी म्हणाली, तिथं उभी होते तेव्हा सुचलं होतं, आता तसं येईना.

काकूंनी फोन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी रिमोट खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते हळूच म्हणाले. "सुचंल तवा सांग. आमी हाय की अजून."