जंबोतल्या दोन वाटा

विमान आतून कसं असतं, हे आमच्या गावात फक्त मला माहीत होतं. रसायनीच्या कारखान्याने एकदा मशीन बघायला मला विमानाने दिल्लीला धाडलं होतं, आणि तेव्हापासून खालापूर तालुक्यात या विषयावर माझा शब्द शेवटचा असे. (दुसरा कोणी बोलायलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण मस्कतला ठरलं. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलेला, ती फोनवर नुसती रडायची, म्हणून आईनेच तिकडे जायचं नि मी तिला न्यायचं ठरलं. पण आई अडून बसली. विमानात काय कुठं असतं ते कळल्याबिगर पाय टाकणार नाही म्हणे.

मग मी खळ्यातच विमान उभं केलं. शाळेची बाकं मागून आणली. इकडे तिघं, तिकडे तिघं, मधून एक वाट. तिच्या दोन्ही कडांना तुसाच्या रेघा. खिडकी म्हणून सूप टांगलं आणि आईला त्याच्याशी बसवलं. शेजारचे दामूकाका आपणहून मागच्या बाकावर येऊन बसले आणि जेवण कधी येतं ते विचारू लागले.

"ध्यानात ठेव," मी आईला बजावलं, "विमान कुठलंही असो, वाट एकच. चुकायला जागाच नाय."

तेवढ्या एका शब्दावर ती बिचारी निघाली.

मुंबईला आमच्यासमोर उभं राहिलं ते जंबो! आत पाऊल टाकलं आणि मी खुर्च्या मोजायला लागलो. खिडकीशी तिघं, मध्ये चौघं, पलीकडे पुन्हा तिघं, आणि वाटा दोन! आई दारातच थबकली.

"बाबू, तू येकच वाट सांगितली व्हतीस."

इथे खरं बोललो असतो तर ती तिथूनच मागे फिरली असती. "अगं, एक जायची नि एक यायची," मी ठोकून दिलं. तिला ते पटलं, आणि आम्ही डावीकडच्या खिडकीशी बसलो.

विमान वर जाऊन स्थिर झालं. मी मागे संडासाला जाऊन आलो, परत त्याच वाटेला लागणार, तर आई मान उंचावून माझ्याकडेच बघतेय. आता थाप निभावणं आलं! मी मागून वळसा घालून पलीकडच्या वाटेने निघालो. एव्हाना गारठ्याने सगळ्यांनी डोक्यावरून पांघरुणं ओढली होती, सगळी एकाच रंगाची. खिडकीशी गुरफटलेली आई दिसली, शेजारची जागा मोकळी. मी बसलो, पांघरूण नीट खोचलं आणि हळूच पाय चेपत म्हणालो, "घाबरू नकोस गं, मी हाय ना."

पांघरुणातून वीतभर दाढी बाहेर आली.

मी त्या गृहस्थांची माफी मागत होतो तेवढ्यात कर्ण्यावरून मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत पुकारा झाला. निळा शर्ट, झुपकेदार मिशी, वय चाळीस, नाव बाबू. आई जागेवर वाट बघत आहे. सगळं विमान माझी मिशी बघायला वळलं, दाढीसुद्धा. एक हवाईसुंदरी आली आणि माझं कोपर धरून मला डाव्या बाजूला पोचवून गेली.

आमच्याकडे जत्रेत पोरं हरवू नयेत म्हणून आया त्यांच्या सदऱ्याच्या टोकाला आपल्या पदराची गाठ मारतात. आईने माझा शर्ट बाहेर ओढला आणि शांतपणे गाठ मारली.

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. जत्रा लय मोठी हाय."

गाठ मस्कतपर्यंत सुटली नाही. विमानतळाच्या दाराशी मेव्हणे घ्यायला आले होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "दादा, आईंना एवढ्या लांब तुम्ही सुखरूप आणलंत."

मी मोठेपणाने हसून दोन पावलं पुढे टाकली, तोच मागून हिसका बसला.

"पुढं पळू नको रं," आई म्हणाली, "अजून सोडला नाय मी तुला."